भेकरांच्या वाट्याचं खाचर

आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये मला एकदा प्लास्टिकची एक डबी सापडली. झाकणावर मार्करने लिहिलेलं, 'भेकर. फेकू नये.'

मानपाड्याच्या त्या रंगांच्या कंपनीत लागून मला तेव्हा जेमतेम महिना झालेला. बी.एस्सी. केमिस्ट्री, घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील वागळे इस्टेटमध्ये लेथवर, आई शिवणकाम करायची. हे मी ओळख झाल्या झाल्या सांगते, तेव्हाही सांगायचे, कोणी विचारो न विचारो. तर फ्रीजर माझ्या ताब्यात आलाय म्हणजे आता तो नियमाने चालणार, असं मी ठरवून टाकलेलं. डबी उघडली. आत मोहरीएवढं पिवळसर बी, बर्फात गोठून बसलेलं.

"हे कोणाचं?"

पाटील म्हणून आमचा लॅब असिस्टंट होता, तो हसायला लागला. "जनूदादांचं. ईटीपीवाले. मॅडम, फेकू नका हां, रडेल तो माणूस."

जनार्दन भोईर माझ्यासमोर कधी रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं असं मला पुढे खूपदा वाटलं.

कंपनीचं सांडपाणी साफ करायचा प्लांट, म्हणजे ईटीपी, त्यांच्याकडे होता. पन्नाशी उलटलेला उंच, वाळका माणूस. शर्टाचा खिसा कायम खाली ओढलेला, कारण त्यात बी. पेन विसरायचे, आयकार्ड विसरायचे, बी नाही. चालताना नजर जमिनीवर. आणि कोणी नवीन भेटलं की राहता कुठे एवढं विचारून त्यांचं भागायचं नाही. ते बिल्डिंगचं नाव विचारायचे, आणि मग ती बांधायच्या आधी तिथे कोणाचं शेत होतं ते त्या माणसाला सांगायचे. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमने नवीन फ्लॅट घेतला, पेढे वाटले. हे पेढा खाता खाता म्हणाले, "तुमची बी विंग ना? ती आमच्या मावशीची चिंचेची खाचरं. किचनमध्ये ओल येईल तुमच्या. बेडूक लय असायचे तिथं." मॅडम महिनाभर बोलल्या नाहीत त्यांच्याशी. ओल मात्र आली.

डबीचं प्रकरण त्यांनी मला कॅन्टीनमध्ये समजावलं. मोबाईलवर व्हिडिओ लावला. कुठल्यातरी थंड देशातला लाल टोपीवाला म्हातारा पहाटे बर्फाळलेल्या माळावर मुठीने बी फेकत चाललेला. नांगर नाही, कुदळ नाही. पुढच्या भागात तोच माळ हिरवागार, आणि त्यात हरणं चरताहेत.

"रात्री जमीन गोठते, फुगते. दिवसा ऊन लागलं की तडकते. बी आपोआप आत. रात्री परत गोठते, परत तडकते. जमीनच पेरून घेते गो स्वतःला," दादा म्हणाले. हा व्हिडिओ त्यांनी किती लोकांना दाखवला असेल, देव जाणे. ड्रायव्हरला, सिक्युरिटीला, ऑडिटला आलेल्या साहेबाला.

"दादा, पण डोंबिवलीत बर्फ कुठून आणणार?"

"मासेबाजारातून."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी खरंच आणलेला. आदल्या वर्षी बर्फाची लादी फोडून, बी त्यात कालवून, पोत्यात भरून डोंगरावर नेलेलं. वर पोचेपर्यंत पाणी झालं आणि अर्धं बी कुजलं. म्हणून या वेळी फ्रीजर. सांगताना स्वतःच हसत होते. मग एकदम हसू थांबवून म्हणाले, "खुळा आहे मी. माझी आय बर्फाशिवायच टाकायची."

त्यांच्याकडे भात कापल्यावर खाचरात तसाच वाल टाकायचे. चिखल सुकत आला की त्याला भेगा पडतात, त्या भेगांत बी पडतं, रात्रीच्या दवाने कडा ढासळतात आणि त्याच्यावर माती येते. जे तो टोपीवाला बर्फाच्या भेगेत करत होता तेच यांची आई चिखलाच्या भेगेत करत आलेली. दादांना हे कळायला परदेशातला म्हातारा लागला, याचं त्यांना फार वाईट वाटायचं आणि तेवढीच गंमतही वाटायची.

आता भेकरांचं. शीळफाट्याच्या मागे जो डोंगर आहे, त्याच्या कुशीत भोईरांचं एकच खाचर उरलेलं. बाकीचं सगळं गेलं होतं, रस्त्यात, टॉवरमध्ये, गोडाऊनमध्ये. त्या डोंगरावर भेकरं होती. हरणाच्या जातीचं लहानसं जनावर, कुत्र्यासारखं भुंकतं. उन्हाळ्यात वर खायला काही राहत नाही, म्हणून ती खाली उतरायची. खाली पूर्वी गाव होतं, आता सहा पदरी रस्ता. मी कंपनीत लागायच्या आधीच्या वर्षी एक नर तिथे ट्रकखाली गेला. उरली एक मादी. एक कान फाटलेली. तिच्या मागे पिल्लू.

दादांचा हिशोब सरळ होता. वर खायला मिळालं तर ती खाली येणार नाही. म्हणून आपल्या खाचरात बरसीम टाकायचं. टोपीवाल्याच्या त्या बियाण्याचा हा आपल्याकडचा भाऊ, गुरांचा हिरवा चारा. कुंपण घालायचं नाही, कापायचं नाही, विकायचं नाही. ते खाचर भेकरांच्या वाट्याचं.

मी त्या खाचरावर पहिल्यांदा गेले ते हिवाळ्यात, रविवारी, पाटीलबरोबर. आधी दादांच्या घरी जेवण झालं. मीनावहिनींनी माझ्या ताटात सुकटीचं कालवण वाढलं आणि नवऱ्याकडे बोट केलं. "बघ गो, हा मानूस मना कधी इचारत नाय जेवलीस का. भेकराला इचारतंय."

"भेकर टोमणे मारत नाय," दादा म्हणाले.

"मारंल. तुमचे हातचा खाल्लान् की मारंल."

वर गेल्यावर दादा चपला काढून खाचरात उतरले. कमरेला ओचा बांधलेला, त्यात बारीक मातीत कालवलेलं बी. फेकायची त्यांची एक पद्धत होती. हात मागे न नेता, मनगट मोडून, पाखरांना दाणे टाकावेत तसं, पण प्रत्येक मुठीला एक पाऊल. मी फेकलं तर एका जागी ढीग पडला. "ग्रॅज्युएट ना तू," दादा म्हणाले, "मग एका जागी डिग्री कशाला ओततेस?" मी म्हटलं, दादा, डिग्रीवर बोलायचं नाही. ते म्हणाले, बरं बाई.

बी उगवलं. वीतभर हिरवं झालं. दादांनी मला लॅबमध्ये येऊन सांगितलं, मादी आली. खुरांचे ठसे आहेत, शेंडे खाल्लेत. घरची मुलगी दहावी पास व्हावी तसा चेहरा झालेला त्यांचा. रोज सकाळी बसमध्ये विचारावंही लागायचं नाही, ते स्वतःच सांगायचे, काल कुठवर खाल्लं, पिल्लू आईच्या डावीकडून चालतं की उजवीकडून.

पण बरसीमला पाणी लागतं. बाजूचा झरा जानेवारीत आटला. मग दादा कॅन भरून वर न्यायला लागले. ड्युटी सुटली की बाईकला दोन कॅन, पायथ्यापासून खांद्यावर. मी एकदा सहज म्हटलं, "दादा, आपल्या ईटीपीतून एवढं पाणी बाहेर सोडतो. मीच टेस्ट करते. पास आहे. ते न्या ना टँकरने."

त्यांनी विचारलं, "तू पिशील?"

"पिण्याचं नाहीये ते. पण लिमिटमध्ये आहे."

"मग भेकराला कुठं माहीत लिमिट काय असतं?" आवाज चढलेला. मग लगेच उतरला. "इतकी वर्षं मी ते पाणी बघतोय ज्योती. कागदावर पास झालेलं मी कागदाला पाजीन. तिला नाय."

फेब्रुवारी संपता संपता त्यांचा खांदा सुजला. मार्चमध्ये बरसीम पिवळं पडलं. एप्रिलमध्ये खाचरात धूळ. आणि मादी पिल्लाला घेऊन खाली उतरली.

नशिबाने रस्त्यावर नाही, अलीकडच्या टॉवरच्या लॉनवर. लोकांनी गॅलरीतून व्हिडिओ काढले, ते आमच्या ग्रुपवरही आले. कोणीतरी बिस्कीट टाकत होतं. दादा त्याच दिवशी टॉवरच्या गेटवर गेले. मी सोबत होते. सांगायचं एवढंच होतं, खायला घालू नका, तिला इथली सवय लागेल, पुढे रस्ता आहे.

वॉचमन म्हणाला, "किस के यहाँ जाना है?"

"कुणाकडे नाय. लॉनवर."

"फ्लॅट नंबर बोलो."

दादा गेटच्या गजांतून आत बोट दाखवत म्हणाले, "तो पाण्याचा फवारा आहे ना, तिथं माझ्या चुलत्याची विहीर होती." वॉचमन बिचारा खरंच वाईट वाटून म्हणाला, "ठीक है चाचा, लेकिन फ्लॅट नंबर?" आम्ही परत आलो. येताना ते एकच वाक्य परत परत बोलत होते. "हिरवं टिकलं पाहिजे. पाऊस येईपर्यंत हिरवं टिकलं पाहिजे." माझ्याशी बोलत नव्हते.

त्या वर्षी ती दोघं वाचली. पाऊस पडला, ती वर गेली. पण दादांना पावसाळाभर चैन नव्हतं. प्लांटच्या टाकीच्या कठड्यावर बसून माती बोटांत चुरत राहायचे. बरसीम लवकर का गेलं, याचं उत्तर त्यांनी शोधून काढलेलं. तण. रानमोडी आणि गवत सगळी ओल पिऊन टाकतात. जमीन साफ नव्हती. आणि जमीन साफ करायची त्यांच्या घरची रीत एकच होती. राब.

राब म्हणजे जिथे बी टाकायचं त्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, शेण, गवत असं थरावर थर रचून, वर मातीचा हात फिरवून ते भाजायचं. तण मरतं, तणाचं बी मरतं, राख होते, माती भुसभुशीत होते. आमच्या ठाणे जिल्ह्यात भाताची रोपं करण्याआधी राब भाजणं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दादांचे वडील भाजायचे, त्यांचे वडील भाजायचे. दादांनी लहानपणी भाजलेला.

नोव्हेंबर सरताना, बरसीम टाकायच्या आधी, त्यांनी राब रचला. शेण नव्हतं, गावात गाय उरली नव्हती. पालापाचोळा त्याच टॉवरच्या माळ्याने पोत्यांत भरून दिला. रविवारी दुपारी आम्ही तिघं वर गेलो, दादा, पाटील आणि मी. वारा बघितला. वारा जिकडे जात होता त्या कोपऱ्यातून, आग वाऱ्याच्या उलट सावकाश सरकेल अशी, त्यांच्या वडिलांसारखी त्यांनी काडी लावली. सगळं रीतीप्रमाणे. धूर निघाला, राब आतल्या आत धुमसायला लागला. दादा खूश होते. बांधावर बसून म्हणाले, "वास बघ. हा वास आला की माझी आय म्हणायची, चला, वर्ष सुरू झालं."

मग एक झुळूक वरच्या अंगाला वळली.

काय चुकलं ते दादांना माझ्याआधी समजलं. त्यांनी वर बघितलं आणि ते उभे राहिले. वडिलांचा राब असायचा मे महिन्यात. तोवर गावच्या गुरांनी डोंगर खरवडून खाल्लेला असायचा, उरलेलं गवत बायकांनी कापून नेलेलं. आग बांधापर्यंत यायची आणि तिला पुढे खायलाच नसायचं. आता गावात गुरं नव्हती. गवत कापणारी बाई नव्हती. बांधाच्या पलीकडून माथ्यापर्यंत छातीएवढं गवत उभं होतं, सोनेरी, कडकडीत सुकलेलं.

एक ठिणगी गेली असेल. भस्सकन आवाज झाला, गॅसचा मोठा शेगडा पेटावा तसा. दादा डहाळी घेऊन धावले. पाटील धावला. मी कॅनमधलं पाणी ओतलं, ते कशाला पुरणार होतं? आग वर चढत गेली, आम्ही खाली राहिलो. दादा ओरडत होते. आधी मला वाटलं आम्हाला काही सांगताहेत. ते डोंगराकडे तोंड करून ओरडत होते, "वर जा! अगो, वर जा, खाली येव नको!" आग वरच चालली होती. वर जायला जागा कुठे होती?

पाटलाने त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. हाताचे केस जळलेले, भुवया जळलेल्या. संध्याकाळपर्यंत माथा काळा झाला आणि आग आपली आपण विझली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये दादा माझ्या पुढच्या सीटवर होते. सुट्टी घ्या म्हटलं तर ऐकलं नाही. शीळफाट्याच्या अलीकडे ट्रॅफिक हळू झालं. डिव्हायडरला लागून काहीतरी तपकिरी पडलेलं. दादा उठले. "थांबव रे." ड्रायव्हर म्हणाला, दादा, मागून डंपर आहे. "थांबव!" ड्रायव्हरने बस कडेला घेतली.

ते उतरले. दोन्ही हातांनी तिला उचलून कडेला आणलं, झोपलेलं मूल उचलतात तसं, मान कोपरावर घेऊन. कान फाटलेला होता. मी उतरले. बाकीच्यांना घेऊन बस निघून गेली, वेळेत हजेरीचं पंचिंग होतं. पिल्लू कुठे दिसलं नाही. आम्ही दोघांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू बघितल्या, गटार बघितलं.

वनखात्याचा एक तरुण माणूस आला. चांगला मुलगा होता. त्याने फोटो काढले, माप घेतलं. दादा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "राब मी भाजला. काल. वरची आग माझी आहे."

"काका, वणवे दरवर्षी लागतात."

"हा लागला नाय. मी लावला. माझं नाव लिही. जनार्दन भोईर."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग दादांच्या जळलेल्या भुवयांकडे. "काका, तुम्ही शेत भाजायला गेलेलात, पसरली आग. आणि हिला तर गाडीने मारलंय. तुम्ही घरी जा, पाणी प्या."

"अरे, लिही ना!" दादा म्हणाले. त्याने नाही लिहिलं. माणूस शिक्षा मागतो आणि त्याला कोणी देत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. कंपनीतही कोणी दोष दिला नाही. उलट सगळे म्हणायचे, दादा, तुमचा हेतू चांगला होता. हेतू शब्द निघाला की ते उठून जायचे.

मीनावहिनी फोनवर म्हणाल्या, "मना वाटला मी शिव्या घातल्या तं बरा वाटंल त्याना. घातल्या. पार बापावरना घातल्या. ऐकून घेतला नि इचारतान, अजून?"

बी त्यांनी टाकलंच. त्याच राखेत, त्याच आठवड्यात. मी म्हटलं, दादा, आता कोणासाठी? ते म्हणाले, "पिल्लू मेलेलं बघितलंस तू?" मी नाही म्हटलं. "मग?"

तीन महिन्यांत त्यांनी डोंगर पालथा घातला. ठसा नाही, लेंडी नाही, सकाळचं भुंकणं नाही. काळा माथा आणि त्याच्या खाली एकच हिरवा तुकडा. कारण बरसीम त्या वर्षी असं आलं की मी जन्मात पाहिलं नव्हतं. तण नव्हतं, राखेचं खत होतं, उशिरापर्यंत दव पडत राहिलं. गुडघ्याएवढं, दाट, गडद. राबाने जे करायचं होतं ते सगळं केलेलं.

मग माझी बदली वागळे इस्टेटच्या ऑफिसला झाली. बढती होती, घरी वडिलांनी चाळीत जिलेबी वाटली. दादांनी त्याच सुमारास नोकरी सोडली. नंतर फोन लागायचा, पण वहिनीच उचलायच्या. ते वर गेलेत, म्हणायच्या. नंतर नंतर त्यांचाही नंबर लागेना. त्यांच्या एका पुतण्याने गाड्यांना रस्ता करून खाचराच्या खाली गोडाऊन बांधायला घेतलंय असं पाटलाकडून कळलं. पुढचं मला माहीत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीची बातमी सांगायला वर गेलेले तेव्हा. फेब्रुवारीची सकाळ, ऊन कोवळं होतं. खाचरात दादा गुडघ्यांवर बसलेले. आधी वाटलं काही शोधताहेत. जवळ गेल्यावर दिसलं, ते बरसीमचे शेंडे बोटांनी खुडत होते. एक इथला, दोन तिथले, मग थोडं पुढे सरकून परत.

"दादा, काय करताय?"

"खाल्लं नाय ना कोणी. न खाल्लं की ते जून होतं, फुलावर येतं, संपतं. खुडलं की खालून परत फुटतं." वर न बघता बोलत होते. "कोवळं राहिलं पाहिजे. पिल्लू आलं तर कोवळं मिळालं पाहिजे त्याला."

"मग विळ्याने कापा ना. दिवस जाईल असा तुमचा."

"लोखंडाचा वास राहतो. तोंड लावत नाय ते."

मी बदलीचं सांगितलं. ते "चांगलं झालं गो" म्हणाले, मनापासून म्हणाले. मग डाव्या हाताने खुडलेल्या शेंड्यांचा ओचा सावरला आणि पुढे सरकले. मी बांधावर उभी राहून बघत होते. सारखं एका उंचीवर येणार नाही याची ते काळजी घेत होते. इथे नुसतं टोक, तिथे पार खालपर्यंत, मध्ये एक ठोंब तसाच सोडलेला. त्यांच्या पुढचं खाचर सपाट, हिरवं होतं. मागचं खालीवर झालेलं, वेडंवाकडं, नुकतंच कोणीतरी चरून गेल्यासारखं.